बेटावरची होऊ घातलेली बाग

तलावातल्या बेटावर होऊ घातलेले सार्वजनिक उद्यान हा महाराष्ट्राच्या नागरी जीवनातला एक स्थिर प्रकार आहे. स्थिर अशासाठी, की ते वर्षानुवर्षे होऊ घातलेलेच असते. पडीक जागा आणि पुरी झालेली बाग यांच्या अधेमधे कुठेतरी त्याचा मुक्काम असतो, आणि पाहायला जाणाऱ्याला ते या दोहोंपेक्षा जास्त काही देते. पुऱ्या झालेल्या बागेत फुले असतात. फुले पाच मिनिटांत पाहून होतात आणि त्यांच्याविषयी 'छान आहेत' यापलीकडे फारसे बोलता येत नाही. होऊ घातलेल्या बागेत खडीचे ढीग, पालथी घातलेली घमेली, तोंड उघडे राहिलेले पाइप आणि संकल्पचित्राचा फलक असतो. यांतल्या प्रत्येकावर घरी पोहोचेपर्यंत बोलता येते, आणि जेवताना उरलेले बोलता येते.

जालना जिल्ह्यात या प्रकाराचा अभ्यास करायचा तर सुरुवात बागेपासून न करता पाण्यापासून करावी लागते. चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट, असे शाळेच्या भूगोलात शिकवतात. ही व्याख्या कोकणात बारा महिने चालते. जालन्यात सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही येईल तेव्हा. आणि मे महिन्यात उथळ तलावातून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसते उन्हाने उडून जाते. त्यामुळे इथे बेट ही जागा कमी आणि ऋतू जास्त. पोळ्याच्या सुमारास बेट तयार होते, संक्रांतीपर्यंत ते ऐटीत असते, शिमग्याला त्याचा द्वीपकल्प होतो आणि अक्षय्य तृतीयेला ते शुद्ध टेकाड होऊन उरते. त्यावर शेळ्या चरतात. बेटावर जायला पूल हवा की बोट, यावर सभागृहात चर्चा रंगलेली असते तेव्हा शेळ्या पायी जाऊन परत आलेल्या असतात.

जालना शहराचा जुना मोठा तलाव म्हणजे मोती तलाव. तो जमशेद खानाच्या नावावर आहे. काळी मशीद, हमाम आणि सराई ही त्याचीच कामे असल्याचे गॅझेटियर सांगते. शहराच्या पश्चिमेला तलाव बांधून त्याने जमिनीखालून नळ टाकले आणि गावातल्या हौदांपर्यंत पाणी नेले. या कामाचे वैशिष्ट्य असे, की आधी पाणी आणि मग शोभा हा क्रम त्यात पाळलेला दिसतो. पुढच्या काळात हा क्रम उलटा झाला. आज तलावाकाठी मोतीबाग आहे, संध्याकाळी तिथे माणसे फिरायला येतात, आणि तलावात पाणी किती आहे हे पाहणे हा फिरण्याचा अर्धा हेतू असतो. दुष्काळाचे वर्ष अनुभवलेला जालनेकर फुलाकडे नंतर पाहतो, आधी पाण्याची रेघ पाहतो. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराने टँकरवर दिवस काढले, आणि तेव्हापासून ती नजर अधिकच पक्की झाली आहे.

पाण्याच्या मधोमध काहीतरी बांधावे ही हौस मात्र या भागात फार जुनी. जालन्याहून जवळच, बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाला, म्हणजे जिजाऊंच्या माहेरी, चांदणी तलाव आहे. त्याच्या मधोमध पाण्यात उभी केलेली वास्तू अजून दिसते. अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) फराहबाग हा त्याहून बोलका दाखला. तळ्याच्या मध्यभागी अष्टकोनी महाल, भोवती बाग, असा तो निजामशाही बेत. काम एकाने उभे केले, ते सुलतानाला पसंत पडले नाही, म्हणून मोडले आणि सलाबत खानाकडून पुन्हा बांधून घेतले. १५८३ मध्ये ते पुरे झाले. म्हणजे झालेले काम उखडून नव्याने करण्याची पद्धत सुलतानी आहे. अलीकडच्या नगरविकासाला तिचे श्रेय उगाच दिले जाते.

बेटावरच्या बागेचा सर्वांत प्रसिद्ध शेवट पुण्याचा. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे खोदवले, मध्ये बेट राखले, तिथे बाग केली. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत बेटावर गणपतीचे देऊळ झाले. विसाव्या शतकात तळे बुजले, बेटाचे बेटपण गेले, पण गणपती अजून 'तळ्यातला'च म्हणवतो आणि सारसबागेत भेळ खाणाऱ्या पिढ्यांना आपण एकेकाळच्या पाण्यावर बसलो आहोत याची फिकीर नसते. ठाण्याच्या मासुंदा तलावातल्या बेटावर आणि नागपूरच्या गांधीसागर तलावातल्या बेटावर शंकर आहे. यावरून असा नियम निघतो, की मराठी मुलखात बेटावर बाग टिकवायची तर देव लागतो. आराखड्यात देवळाची तरतूद नसली तरी हरकत नाही. बेटावर वीज पोहोचण्याआधी कुठल्यातरी दगडाला शेंदूर पोहोचलेला असतो. त्या दगडाभोवतीचा चार हात परिसर रोज झाडला जातो, आणि संपूर्ण प्रकल्पात देखभाल होत असलेला भाग तेवढाच असतो.

बांधकामाचा क्रम ठरलेला आहे. आधी कोनशिला येते. कोनशिला हा बागेचा सर्वांत टिकाऊ अवयव. ग्रॅनाइटची असल्याने तिला पाणी लागत नाही, खत लागत नाही, आणि तिच्यावरच्या नावांची संख्या लावलेल्या रोपांपेक्षा साधारणपणे जास्त भरते. तिच्याशेजारी संकल्पचित्राचा फलक. संकल्पचित्रात आकाश निळे असते, हिरवळ गर्द असते, आणि तिच्यावर टाय लावलेले पुरुष, झग्यातल्या बायका व सोनेरी केसांची मुले हिंडत असतात. ही मंडळी जालना शहरात कुठे राहतात याचा पत्ता लागलेला नाही. फलकावर कामाचे नाव, निधीचे लेखाशीर्ष, अंदाजपत्रकीय रक्कम आणि गुत्तेदाराचे नाव असते. काम पूर्ण करण्याची तारीख लिहिलेली असते तिथेच नेमका रंग उडालेला असतो. पालिकेची महानगरपालिका झाली, जशी जालन्याची २०२३ मध्ये झाली, की फलक नव्याने रंगवण्याची संधी येते. तारीख मात्र जुन्या रंगासोबत गेलेली असते.

मग कमान. जालना हे सळयांचे गाव. इथल्या भट्ट्यांत वितळलेले लोखंड राज्यभरच्या इमारतींत जाऊन बसते, तेव्हा बागेच्या कमानीला लोखंड कमी पडण्याचा प्रश्न येत नाही. कमान अशी भक्कम असते, की तिच्याखालून हत्ती अंबारीसह जावा. कमानीला फाटक असते, फाटकाला कुलूप असते. कमानीच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालण्याचे काम दुसऱ्या टप्प्यात असल्याने कुलूप लावलेल्या फाटकाच्या कडेने लोक आत जातात. पण जाताना फाटकाशी क्षणभर थांबून, कुलूप पाहून, मग वळसा घालतात. कायद्याविषयी असलेला हा आदर नोंद घेण्यासारखा आहे.

दुसरीकडे जालना हे बियाण्यांचेही गाव. १९६४ पासून, महिको सुरू झाल्यापासून, इथून निघालेले कापसाचे, ज्वारीबाजरीचे, भाजीपाल्याचे बियाणे देशभर पेरले जाते. अशा गावात बागेची हिरवळ उगवू नये, हे वनस्पतिशास्त्रातले कोडे नसून प्रशासनातले आहे. हिरवळ पाण्यावर उगवते, पाण्यासाठी नळजोड लागतो, नळजोड विद्युत मोटारीवर अवलंबून, मोटार मीटरवर, आणि मीटर कोणाच्या नावाने घ्यायचा यावर दोन विभागांचा पत्रव्यवहार चालू असतो. तोपर्यंत हिरवळीच्या जागी गाजर गवत उगवते. त्याला मीटर लागत नाही.

रोपांच्या निवडीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण बागेच्या शास्त्रात हा जिल्हा काही उपरा नाही. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म १६०८ चा. त्यांच्या लेखनात 'बागप्रकरण' म्हणून एक प्रकरण आहे. कोणती झाडे, वेली, फुलझाडे, भाज्या लावाव्यात याची ती लांबलचक यादी आहे. यादीची सुरुवात समर्थ काटेरी झाडांपासून करतात. आधी कुंपण, मग फुले, हा विचार त्यामागे असावा. ज्याने शेळी पाहिली आहे त्याला तो लगेच पटतो. होऊ घातलेल्या बागांत समर्थांच्या यादीचा आरंभ निष्ठेने पाळला जातो. वेडी बाभूळ आपोआप येते, बोर येते, कण्हेर आणून लावतात. पुढे जाई, जुई, मोगरा इथवर पोहोचायच्या आत निधी संपतो. मग शोभेचे पाम आणतात. पाम आणताना तो पाच-सहा फूट उंच असतो, वर्षभराने चार फूट होतो, आणि त्यानंतर केवळ त्याचे आळे उरते. मोसंबीचे झाड मात्र कोणी लावत नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिची बाग कशी जगवायची हे पंचक्रोशीतल्या कोणत्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारावे, टँकर घालून बागा जगवलेले लोक आहेत ते. पण ते उद्यान समितीवर नसतात, आणि मोसंबी संकल्पचित्रात शोभत नाही.

पायवाटांचे काम काळ्या मातीमुळे रंजक होते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर मुरूम नीट न दाबता पेव्हर ब्लॉक बसवले, की पहिल्या पावसात ते वर येतात, दुसऱ्या उन्हाळ्यात खाली जातात, आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र विचाराचा होतो. सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांना कोणता हलतो हे पाठ असते. नवखा माणूस त्यावर पाय देतो, खालचे साठलेले पाणी पोटरीपर्यंत उडते, आणि बाकावरचे सगळे एका सुरात सांगतात, "तो नाही, त्याच्या बाजूचा!" बाक मात्र चांगले असतात. प्रत्येक बाकावर तो कोणाच्या निधीतून आला हे पाठ टेकण्याच्या जागी उठावाने लिहिलेले असते, त्यामुळे जास्त वेळ बसणाऱ्याच्या सदऱ्यावर लोकप्रतिनिधीचे नाव उमटण्याचा संभव असतो.

शोभेच्या वस्तूंत प्राण्यांचा भरणा असतो. फायबरचा जिराफ, फायबरचे हरिण, आणि तोंड वासून उभा असलेला पेंग्विन, ज्याच्या पोटात कचरा टाकायचा. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा या पेंग्विनच्या तोंडाकडे पाहवत नाही. खरे प्राणी या योजनेच्या बाहेर असतात आणि अधिक सुखात असतात. बेटावर बेशरमाची झुडपे माजलेली असतात, त्यांच्या आडोशाला पाणकोंबड्या, काठावर बगळे, हिवाळ्यात हळदी-कुंकू बदके. टिटवीला तर होऊ घातलेली बाग पुऱ्या बागेपेक्षा कितीतरी प्रिय. ती घरटे बांधत नाही, उघड्या खडीत अंडी घालते, तीही ऐन उन्हाळ्यात. मार्चअखेर बिले निघाली की काम थंडावते आणि खडीचा ढीग पावसाळ्यापर्यंत हलत नाही, हे तिला लेखा विभागाइतकेच ठाऊक असते. जायकवाडीच्या नाथसागरात लहानमोठी तीसेक बेटे आहेत. १९८६ मध्ये तो जलाशय पक्षी अभयारण्य झाला. तिथल्या बेटांचा विकास पक्ष्यांनी निविदा न काढता केला आहे, आणि अजून तरी त्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप आलेला नाही.

नाथसागराचा उल्लेख आला म्हणून त्याच्या पायथ्याचे पैठणचे ज्ञानेश्वर उद्यानही सांगून टाकावे. धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले, आणि म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर खाली बाग फुलली. एका पिढीच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या. रंगीत कारंजी पाहून आलेली मुले आता आजोबा झाली आहेत आणि नातवंडांना त्या कारंज्यांविषयी नुसते सांगतात. झालेली बाग पुन्हा होऊ घातलेली कशी बनते, हे समजून घ्यायला पैठण जालन्यापासून फार लांब नाही. कारंजे एकदा बसवता येते. माळी रोज लागतो. अंदाजपत्रकात पहिल्याला भांडवली खर्च म्हणतात आणि त्याचा समारंभ होतो. दुसऱ्याचा पगार असतो. पगाराचे फीत कापून उद्घाटन करता येत नाही, हीच आपल्या बागांची खरी अडचण आहे, आणि बाकीची सगळी कारणे याच्या मागून येतात.

आता पाहायला येणाऱ्यांविषयी. पहाटे चालणारे येतात. त्यांच्या दृष्टीने बेट म्हणजे एक फेरी. मग हास्य मंडळ. होऊ घातलेल्या बागेत हास्य मंडळाला निमित्त शोधावे लागत नाही. दहानंतर महाविद्यालयीन जोडपी, ज्यांना बाग कधीच पुरी होऊ नये असे मनापासून वाटते, कारण पुऱ्या बागेत दिवे असतात. रविवारी संध्याकाळी सहकुटुंब मंडळी येतात. कुटुंबप्रमुख हात मागे बांधून कामाची पाहणी करतो. त्याचा बांधकामाशी संबंध नसतो, पण तो सिमेंटवर टाच आपटून बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "मटेरियल बरोबर नाही." हे वाक्य उच्चारल्याशिवाय भेट पूर्ण झाली असे मानत नाहीत. पाहुणे आलेले असतील तर हाच गृहस्थ पवित्रा बदलतो आणि जे नाही ते दाखवू लागतो: इथे ना, झुलता पूल होणार आहे, इथे लेझर शो, तिकडे टॉय ट्रेन. पाहुणे 'हो का' म्हणतात. त्यांच्याही गावात टॉय ट्रेन होणार असते.

बोटीचे प्रकरण वेगळे. बेटावर जायला बोट ठेवलेली असते, बहुधा हंसाच्या आकाराची, पायांनी चालवायची. ती काठावर उलटी ठेवलेली असते आणि तिच्या सावलीत रखवालदार बसलेला असतो. त्याच्याशी होणारे संभाषण राज्यभर थोड्या फरकाने सारखेच असते.

"मामा, बोट चालू आहे का?"

"हाये की."

"मग सोडा ना."

"पाणी येऊ द्या, मंग सोडू."

पाणी येते ते गणपतीच्या दिवसांत, आणि तेव्हा तलावावर विसर्जनाचा बंदोबस्त असल्याने बोट बंद ठेवावी लागते. त्यानंतर परवान्याचे नूतनीकरण, आणि ते होईपर्यंत पाणी उतरणीला लागते. रखवालदार हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत जाणता माणूस असतो. किती अभियंते आले, कोणी काय मोजले, कोणत्या साहेबांनी कारंजे इकडून तिकडे हलवायला सांगितले, हे त्याला तोंडपाठ असते. त्याला विचारून आराखडा केला असता तर बराच खर्च वाचला असता. पण त्याचे स्वतःचे तीन महिन्यांचे वेतन एजन्सीकडे अडकलेले असते, त्यामुळे सल्ला देण्याच्या मनःस्थितीत तो नसतो.

लोकार्पण निवडणुकीच्या आचारसंहितेवर अवलंबून असते. आचारसंहिता लागायच्या आदल्या आठवड्यात बाग जेवढी झाली असेल तेवढीच पूर्ण झाल्याचे जाहीर होते. रोपवाटिकेतून भाड्याने फुललेल्या कुंड्या येतात, टँकरने कारंज्याच्या हौदात पाणी येते, जनरेटरवर दिवे लागतात आणि एका संध्याकाळपुरते संकल्पचित्र खरे होते. टाय लावलेले पुरुष त्या दिवशी प्रत्यक्ष दिसतात. ते सल्लागार कंपनीचे असतात. दुसऱ्या दिवशी कुंड्या परत जातात. ठेवलेल्या जागी ओलसर गोल डाग राहतात आणि दुपारपर्यंत वाळतात. त्यानंतर सुरू होतो तो दुसरा टप्पा, ज्याला पहिल्या टप्प्यातल्या दुरुस्त्या असेही म्हणतात.

या सगळ्यात लोकांची गैरसोय होते असे मानणे चूक ठरेल. तारेच्या कुंपणाची वाट न पाहता मुलांनी क्रिकेटची खेळपट्टी आखलेली असते. ओपन जिमच्या दांड्यांवर ओढण्या आणि स्वेटर वाळत असतात, हौदाच्या कोरड्या कठड्यावर पत्त्यांचा डाव बसलेला असतो, भेळवाल्याने कमानीखालची सावली हेरलेली असते. बाग पुरी झाली की यांतले बरेच जण उठवले जातील आणि 'फुले तोडू नयेत'पासून 'गवतावर बसू नये'पर्यंत सूचनांचे फलक लागतील. सार्वजनिक बागेत सर्वांत मोकळेपणाने बसता येते ते ती बाग होण्याच्या आधी.

जाणाऱ्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. जावे ते पोळा ते संक्रांत या काळात, म्हणजे बेट भेटेल. जुन्या चपला घालाव्यात. पिण्याचे पाणी घरून न्यावे. पाणपोई आहे, तोटी बसायची आहे. मुलांना जिराफावर बसवू नये, त्याचा एक पाय निराळा काढून ठेवलेला असतो. हलत्या पेव्हर ब्लॉकची चौकशी बाकावर करावी, सगळी माहिती विनामूल्य मिळते. प्रवेशालाही सध्या पैसे पडत नाहीत, कारण तिकिटाची खिडकी अजून बांधायची आहे. ती बांधून व्हायच्या आत एकदा जाऊन यावे.